टॉमकॅट: सर्व्हलेटमधून डेटासोर्स सापडतो, मागच्या थ्रेडमधून सापडत नाही – मदत हवी आहे

जावाकर

नमस्कार मंडळी,

टॉमकॅट १०.१ (जावाची वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर), जावा १७, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. अ‍ॅप जुनं आहे, आधीच्या टीमकडून हातात आलेलं. डेटासोर्स (डेटाबेसची कनेक्शनं देणारी वस्तू) कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये दिलेला आहे, वेब.एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ आहे, ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये आहे. सर्व्हलेटमधून (वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा क्लास) 'जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/अहवाल' असा लुकअप, म्हणजे नावावरून शोध, केला की डेटासोर्स मिळतो आणि क्वेरी व्यवस्थित चालते.

मोठा अहवाल काढायला वेळ लागतो, म्हणून ते काम आता कम्प्लीटेबलफ्युचरच्या सप्लायअसिंकमध्ये टाकलंय, म्हणजे ते मागे वेगळ्या थ्रेडवर चालतं. आतली मेथड तीच, एक अक्षर बदललेलं नाही. पण लुकअपच्या ओळीवर नोइनिशियलकॉन्टेक्स्टएक्सेप्शन येतं आणि खाली कारण दिसतं: जावायूआरएलकॉन्टेक्स्टफॅक्टरी हा क्लास सापडला नाही. हा तर टॉमकॅटचा स्वतःचा क्लास! सर्व्हलेटला सापडतो तो शेजारच्या थ्रेडला का सापडू नये?

शोधलं तर बहुतेक ठिकाणी एकच सल्ला: जारची जागा तपासा, नाव तपासा. त्यात काही चुकलं असतं तर सर्व्हलेटही चालला नसता. एकाने सुचवलं की लुकअप सोडून ड्रायव्हरमॅनेजरने थेट कनेक्शन उघडा. ते मला अजिबात करायचं नाही. पासवर्ड कोडमध्ये येईल आणि पूल (तयार कनेक्शनांचा साठा) असून नसल्यासारखा होईल.

रिसोर्सची नोंद अशी आहे (यूआरएल आणि पासवर्ड वगळून):

नाव = जेडीबीसी/अहवाल
ऑथ = कंटेनर
टाइप = जावाएक्स.एसक्यूएल.डेटासोर्स
मॅक्सअ‍ॅक्टिव्ह = ५०
मॅक्सवेट = १००००

टॉमकॅट १० पासून सगळं जकार्ता झालंय (पॅकेजच्या नावात जावाएक्सऐवजी जकार्ता), मग टाइपमधलं जावाएक्स बदलायला हवं का, हीसुद्धा शंका आहे. आणखी एक, कदाचित याच्याशी संबंध नसेल: गर्दीच्या वेळी पानं नुसती फिरत राहतात, लॉगमध्ये एररही येत नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

निशिगंध

जावाएक्सला हात लावू नका. जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.नेमिंग हे जावा एसईचे भाग आहेत, ते जकार्तात गेलेलेच नाहीत. सरसकट शोधा-आणि-बदला केलं की नेमकं हेच मोडतं. रिसोर्स अ‍ॅनोटेशन मात्र जकार्ता.अ‍ॅनोटेशनमध्ये गेलंय.

आता मूळ प्रश्न. 'जावा:कॉम्प/एन्व्ह' हे नाव सगळ्या सर्व्हरला दिसत नाही, ते त्या-त्या अ‍ॅपपुरतं असतं. कोणत्या अ‍ॅपचं नाव शोधायचं हे टॉमकॅट चालू थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट क्लासलोडरवरून (क्लास शोधून आणणारा भाग) ठरवतो. रिक्वेस्टच्या थ्रेडवर टॉमकॅटने तुमच्या अ‍ॅपचा लोडर लावलेला असतो. सप्लायअसिंकला तुम्ही एक्झिक्युटर (कामं थ्रेडना वाटणारा) दिला नाही, तर काम फोर्कजॉइनच्या कॉमन पूलवर जातं, आणि जावा ९ पासून त्या पूलच्या थ्रेडवर सिस्टिम क्लासलोडर असतो. टॉमकॅटच्या लिबमधल्या जार त्या लोडरला दिसतच नाहीत. म्हणून टॉमकॅटचा स्वतःचा क्लासही 'सापडला नाही'.

खात्री करायची असेल तर लुकअपच्या आधी थ्रेड.करंटथ्रेड().गेटकॉन्टेक्स्टक्लासलोडर() छापून बघा. सर्व्हलेटमध्ये पॅरललवेबअ‍ॅपक्लासलोडर दिसेल, सप्लायअसिंकमध्ये दुसरंच काहीतरी.

उपाय सोपा आहे. लुकअप मागच्या थ्रेडमध्ये करूच नका. सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनरमध्ये अ‍ॅप सुरू होताना एकदाच करा आणि मिळालेला डेटासोर्स अहवालाच्या क्लासला कन्स्ट्रक्टरमधून द्या. डेटासोर्स अनेक थ्रेडनी एकत्र वापरला तरी चालतो. कनेक्शन मात्र तसं फिरवू नका. ज्या थ्रेडमध्ये काम, तिथेच ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये उघडा. लिसनरमध्ये रिसोर्स अ‍ॅनोटेशनही चालेल. फक्त टॉमकॅट ते सर्व्हलेट, फिल्टर, लिसनर अशा स्वतः बनवलेल्या वस्तूंमध्येच भरतो, तुम्ही न्यू करून बनवलेल्या क्लासमध्ये नाही.

दुसरी_पाळी

निशिगंध यांच्याशी सहमत. थोडी भर: कॉमन पूल सोडून स्वतःचा एक्झिक्युटर त्याच लिसनरमध्ये बनवा आणि कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइडमध्ये आठवणीने बंद करा. नाहीतर रीडिप्लॉयनंतर जुने थ्रेड जुन्या अ‍ॅपचा क्लासलोडर धरून बसतात आणि मेमरी सुटत नाही. पूर्ण जकार्ता ईई सर्व्हरवर यासाठी मॅनेज्डएक्झिक्युटरसर्व्हिस मिळते, ती हे संदर्भ स्वतः पुढे नेते. साध्या टॉमकॅटमध्ये ती नाही.

आणि तुमच्या 'फिरत राहणाऱ्या' पानांचं कारण तुम्ही वरच दिलंय. मॅक्सअ‍ॅक्टिव्ह आणि मॅक्सवेट ही जुन्या डीबीसीपीची (कनेक्शन पूलची लायब्ररी) नावं आहेत. टॉमकॅट ८ पासून पूल डीबीसीपी २ चा आहे, तिथे मॅक्सटोटल आणि मॅक्सवेटमिलिस लागतं. जुनी नावं दिली तर तो ती सोडून देतो आणि मूळ मूल्यं धरतो: कनेक्शन ८, वाट पाहायची मुदत उणे १, म्हणजे अमर्याद. नववी रिक्वेस्ट गुपचूप थांबून राहते, एरर कुठून येणार? लॉगमध्ये अगदी वर, पूल तयार होतो तिथे, 'मॅक्सअ‍ॅक्टिव्ह वापरात नाही, मॅक्सटोटल वापरा' अशा अर्थाची वॉर्निंग असेल. पुन्हा पानं अडकली की जेस्टॅक काढा (कोणता थ्रेड कुठे थांबलाय त्याची यादी). थ्रेड लिंक्डब्लॉकिंगडेकच्या टेकफर्स्टवर थांबलेले दिसले की समजायचं, पूल रिकामा आहे.

मॅक्सआयडलही वाढवा. तेसुद्धा मूळचं ८ आहे, त्यामुळे आठच्या वरची कनेक्शनं परत आल्या आल्या बंद होतात आणि पुन्हा उघडावी लागतात.

जावाकर

दोघांचेही मनापासून आभार! लोडर छापून पाहिला, अगदी तसंच निघालं. लुकअप लिसनरमध्ये नेला, अहवाल चालू झाला. वॉर्निंगही सापडली, सुरुवातीच्या ओळींच्या गर्दीत दडलेली होती. मॅक्सटोटल ५० केलं. हीच फाइल आता दुसऱ्या टॉमकॅटवरही टाकतो, दोन्ही एकाच डेटाबेसवर आहेत.

दुसरी_पाळी

टाकण्याआधी पोस्टग्रेसचं मॅक्स_कनेक्शन्स बघा. बदललेलं नसेल तर ते १०० असतं आणि त्यातली ३ सुपरयुझरसाठी राखीव असतात. ५० आणि ५० मिळून तिथेच भिंत लागेल, आणि बॅकअप किंवा हाताने उघडलेलं पीएसक्यूएल त्याच्याही वर. दोन्हीकडे मॅक्सटोटल ३० ठेवा, मॅक्सवेटमिलिस १०००० द्या आणि गर्दीच्या वेळी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत किती कनेक्शनं खरंच कामात आहेत ते पाहून मग आकडा वाढवा.