मदत हवी आहे : मन आणि श्रद्धा यांविषयीचे अभंग सुचवावेत

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात तुकोबा आणि खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१, संत बहिणाबाई नव्हेत) यांच्या रचना शेजारी ठेवून वाचायच्या आहेत. तुकोबांना मनाशी रात्रंदिन युद्धाचा प्रसंग आहे, तर बहिणाबाईंना तेच मन कितीही हाकलले तरी उभ्या पिकात परत शिरणाऱ्या ढोरासारखे वाटते. गाढ श्रद्धा असूनही ही अस्वस्थता दोघांनी लपवली नाही, याचे मला फार मोल वाटते. दुष्काळात पत्नी गमावलेल्या तुकोबांचे देवाशी भांडणारे, तसेच चोखोबा व जनाबाई यांचे याच भावाचे अभंग कृपया पहिल्या ओळीसह सुचवावेत. जुनी भाषा अवघड जाणाऱ्यांसाठी कोणती सार्थ गाथा घ्यावी, हेही कळवावे.