तुमचं मत नेमकं कुठे बदललं? (अनुभव धागा, कोकण किनारपट्टी)

गणपतीत आरती झाली की आमच्या ओटीवर चाकरमानी आणि गाववाले यांची जुंपते. आरक्षण, प्रकल्प, मोहल्ला, भय्ये, सगळं निघतं. त्या वादातून कोणाचं मत बदललेलं मी आजवर पाहिलेलं नाही. माझं एकदाच बदललं, आणि तेव्हा समोर वाद घालायला कोणी नव्हतं. म्हणून हा धागा. जात, धर्म, जमीन, बाहेरून आलेली माणसं, यांबद्दल तुम्ही जे धरून बसला होतात ते कुठल्या प्रसंगाने हललं? हललंच नसेल तर तेही लिहा. पक्ष नकोत, गावातली नावं तर नकोतच. आपण सगळे एकमेकांच्या पाहुण्यांत निघतो.

माझ्यापासून सुरुवात करतो. दापोली तालुका, आम्ही खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे जमीनदार. १ एप्रिल १९५७, कूळ कायद्याचा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. आजोबा त्या तारखेवरून कडवट विनोद करायचे: सरकारने आम्हाला एप्रिल फूल केलं. 'कुळांनी बळकावली' हे वाक्य मी बाराखडीबरोबर शिकलो. मग एका वर्षी कौलं उतरवली तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत पणजोबांची हिशेबाची वही. कुळाचं नाव, पुढे भाताचे मण, 'अर्धेल' म्हणजे निम्मं पीक खोताला, आणि शेवटच्या रकान्यात नुसत्या उभ्या रेघा. बाबा म्हणाले, वेठीचे दिवस. एका नावापुढे लिहिलं होतं, 'बायको बाळंत, मुलगा आला.' म्हणजे बाप घरी थांबला आणि वेठीला पोरगा धाडला. केवढा होता ते लिहिलेलं नाही.

बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं होतं. त्यांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. शाळेत हे विधेयक आम्हाला कोणी शिकवलं नाही. वही काकांनी पुन्हा ट्रंकेत घातली, पोरांच्या हाती नको म्हणून.

गुहागर

तुमच्या ट्रंकेच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. आम्ही कूळ. कूळ कायद्याने जमीन आमच्या नावावर झाल्याचा, ३२ म चा दाखला आजोबांनी काचेत मढवून देवांच्या तसबिरींशेजारी लावला होता. आजोबा गिरणीत, मुंबईला. नांगर सोडला तर बाकी शेत आजीने केलं, लावणीपासून झोडणीपर्यंत. 'कसेल त्याची' मधला कसणारा कोण, हे आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही. आजोबा गेल्यावर वारसात तीन मुलगे लागले, आत्यांकडून हक्कसोड लिहून घेतलं. ते कागद तलाठ्याकडे घेऊन जाणारी मीच, बीए झालेली म्हणून. थोरल्या आत्याचा अंगठा नीट उठला नव्हता, तो मी पुन्हा घेतला. खोतांना शिव्या घालणं त्यानंतर जरा कमी केलं.

संगमेश्वर, बौद्धवाडी

शिमग्याची पालखी सगळ्या वाड्या घेते. आमच्या वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत येते आणि वळते. पंचविशीत मला याचा भयंकर राग. मुंबई मंडळाच्या सभेत ठराव मांडला: पालखी वाडीत आलीच पाहिजे, नाहीतर पोलिसांत जाऊ. एक म्हातारे उठले. "आपण ५६ साली देव वहाळात सोडले. आता त्यांना अंगणात आणून काय करशील, ओवाळशील?" मी म्हटलं, प्रश्न देवाचा नाही, हक्काचा आहे. १९२७ ला महाडच्या तळ्यावर लोक काय तहान लागली म्हणून गेले होते का? ते म्हणाले, "पाणी लागतं रे माणसाला. पालखी कोणाला लागते?"

ठराव एका मताने पडला. हा वाद मी आज दोन्ही बाजूंनी घालू शकतो आणि दोन्हीकडून जिंकतो, त्यामुळे मत नक्की काय ते विचारू नका. पालखी अजून वहाळावरूनच वळते. पूर्वी आम्ही काठावर उभे राहून बघायचो. आता आमची पोरं विहाराच्या पायरीवर मोबाईल बघत असतात, मान वर करत नाहीत.

दाभोळ खाडी, मोहल्ला

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. पुण्यात खोली शोधत होते. फोनवर घरमालकीणबाई एकदम खूष, त्यांचंही मूळ गाव इकडचं. उकडीच्या मोदकाची पारी फुटते तर काय करता, इथवर गप्पा गेल्या. मला येतात मोदक, शेजारच्या काकींकडे शिकले. मग आधारकार्ड पाठवलं. दोन तासांनी मेसेज: भाचा राहायला येतोय, सॉरी.

माझं मत बदललं नाही, मला अंदाज होताच. बदललं अब्बांचं. सव्वीस वर्षं कुवेतला, एका खोलीत सगळे कोकणी, गणपतीला वर्गणी आणि ईदला शिरखुर्मा. आपल्याला कोणी वेगळं धरत नाही, हे ते छातीठोक सांगायचे. मी लपवलं होतं, धाकट्याने सांगून टाकलं. अब्बांनी एवढंच विचारलं, "मोदकाचं कधी विचारलंन? कार्डाच्या आधी का नंतर?"

राजापूर

माझं हललं नाही, आधीच सांगतो. रिफायनरी यावी असं तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. नाणारचं भूसंपादन २०१९ मध्ये रद्द झालं, जैतापूरच्या सहा अणुभट्ट्या कागदावरच, आणि आमच्या वाडीत अठरांपैकी अकरा घरांना कुलूप. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा माझी आई तिथे कातळावर झोपली होती. फोन केला, सावलीत तरी बस. म्हणाली, "सड्यावर सावली कुठली?"

या बायकांना कोणीतरी पढवलंय, अशी माझी खात्री. गणपतीत घरी गेलो तर ती ओटीवर सात-बाराचे उतारे पसरून बसलेली. कुठला गट कोणी विकला, घोषणेच्या किती आधी, घेणारा कुठला, सगळं तोंडपाठ. चौथी शिकलेली बाई. मी इंजिनीअर, मला आमच्या जमिनीचा गट नंबरसुद्धा आठवत नव्हता. अजून आम्ही भांडतो. फक्त 'तुला काय कळतंय' हे वाक्य आता तिच्या बाजूने येतं.

अलिबाग

थोडक्यात लिहिते. आमच्या शेजारी बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं घर होतं. तेलाचे घाणे, शनिवारी बंद, म्हणून शनवार तेली. इथे त्यांना कधी त्रास झाला नाही हे आम्ही फार अभिमानाने सांगतो, आणि ते खरंही आहे. त्या घरातल्या आजी एकदा इस्रायलहून आल्या. सांगत होत्या, तिकडे गेल्यावर यांच्या ज्यू असण्यावरच शंका, लग्न लावायला धर्मगुरू तयार नाहीत. निदर्शनं केली तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारने पूर्ण ज्यू म्हणून मान्य केलं. मग हळूच म्हणाल्या, आमच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल होते, एकमेकांत मुली देत नसू. आईला धक्काच बसला. "म्हणजे तुमच्यातही?"

"इथेच तर शिकलो," आजी म्हणाल्या आणि चहा मागितला.

देवगड

हापूसची बाग आहे. राखायला नेपाळी जोडपं, सात वर्षं आमच्याकडे. त्याला सगळे बहादूर म्हणतो. त्याच्या आधी होता तोही बहादूरच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांना गावी जायचं होतं आणि पासाचा फॉर्म मी भरत होते. बाबांना नाव विचारलं. "नाव कित्याक व्हया? बहादूर घाल."

मोबाईल घेऊन बागेत गेले. नाव विचारल्यावर तो आधी घाबरला, काही चोरीबिरी झाली की काय. मग खोपीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नागरिकतेचा कागद आणला. तीन शब्दांचं नाव. मधला शब्द खरोखरच बहादूर. घरी येऊन सांगितलं तर बाबा खूष, "मगे, मी काय सांगी होतंय!"

फॉर्म पुढे सरकेना. सोबतच्या व्यक्तीचं नाव मागत होता. मी परत बागेत गेले.