‘सिन्स फाइव्ह इयर्स’ला अर्धा गुण द्यावा का?

आठवी_ब: आज वह्या तपासत होते. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ याचं इंग्रजी करायला दिलं होतं. निम्म्याहून जास्त वर्गानं लिहिलं, ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.’ लाल रेघ ओढली, पण पोरांना दोष देववेना. आपण ‘२०१५पासून’ म्हणतो नि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीला मात्र सुरुवात कधी झाली ते सांगताना सिन्स लागतो आणि किती काळ लोटला ते सांगताना फॉर. मला वाटतं, अर्धा गुण द्यावा.

लाल_शाई: अजिबात नको. चुका दोन आहेत. ‘ॲम लिव्हिंग’च्या जागी ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं, आणि गोम तिथेच आहे. ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे पुणं सुटलं. ‘आय हॅव लिव्ह्ड’ म्हणा, की मुक्काम अजून पुण्यातच. दोन्हीकडे फॉर तोच, क्रियापद बदललं नि पत्ता बदलला! हे आठवीत शिकवायचं नाही तर कधी?

सांगलीकर_जर्मनीत: जर्मनमध्ये ‘झाइट’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि क्रियापदही वर्तमानकाळीच, थेट मराठीसारखं. म्हणून इथली माणसंही इंग्रजी बोलताना हाच घोटाळा करतात. आपल्याकडे तर ‘सिन्स लास्ट टू इयर्स’ रोज कानावर पडतं, कुणाचं काही अडत नाही. ‘प्रीपोन’ला ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जागा मिळाली, मग यालाही आपलं इंग्रजी म्हणून मान्यता द्या. मी तर पूर्ण गुण देईन.

लाल_शाई: ‘प्रीपोन’ची गोष्ट वेगळी. तारीख अलीकडे आणणं एका शब्दात सांगायची सोय नव्हती, ती त्यानं केली. इथे फॉर आधीपासून हजर आहे.

आठवी_ब: क्रियापदाचं पटलं, तो गुण कापते. पण सिन्स-फॉरसाठी नुसता नियम घोकून घेण्यापेक्षा मी उद्या मराठीतूनच जाणार आहे. ‘पासून’ काढून ‘झालं’, ‘झाली’ लावून बघायचं. ‘मला इथे येऊन पाच वर्षं झाली’ जमतं, तिथे फॉर. ‘बराच वेळ झाला’, फॉर. ‘मला इथे येऊन २०१५ झालं’ असं कुणी म्हणत नाही, तिथे सिन्स. ‘लहानपणापासून’लाही तेच.

लाल_शाई: ही कसोटी चांगली आहे, मीही वर्गात वापरेन. फक्त ‘सिन्स इट वॉज रेनिंग’ वेगळं काढून शिकवा. तिथे सिन्स म्हणजे ‘पाऊस पडत होता म्हणून’. पोरं ‘पाऊस पडल्यापासून’ लिहून मोकळी होतात.