बावीस वर्षं रंधा मारलेल्या माणसाला आता 'पास' कुणी करायचं?

कळंबेकर
आमचे दाजी सातवीनंतर सुतारकामाला लागले, त्याला 22 वर्षं झाली. सागवानी चौकट गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, बसवावी तर त्यांनीच. मागच्या महिन्यात एका कंत्राटदाराने त्यांचं काम बघितलंच नाही, "आयटीआय केलाय का?" एवढं विचारून परत पाठवलं. आयटीआयच्या सुतार ट्रेडला आठवी पास लागते, आणि वर्षभर घर कशावर चालवायचं? हाताचं काम बघून दाखला द्यायची आरपीएलची (आधी शिकलेल्या कामाला मान्यता) सोय सरकारनंच केलीय. तो दाखला आयटीआयच्या तोडीचा मानला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गुण्या_पटाशी
विरोध. मी आयटीआय केलाय. ड्रॉइंग वाचून माल काढणं आणि मशीनची शिस्त तिथं शिकलो. माझ्या पहिल्या मिस्त्रींचा अनुभव 30 वर्षांचा, पण गोल करवतीचं गार्ड काढूनच काम करायचे. दोन बोटं गेली. चुकीची सवयसुद्धा 30 वर्षं टिकते, भावा. थोड्या दिवसांत तोच कागद मिळणार असेल तर आमचं वर्ष फुकटच गेलं म्हणायचं.

उद्यमनगर
दाजींना विश्वकर्मा योजनेत घाला की. 2023 पासून सुरू आहे, 18 व्यवसायांत सुतार आहेत. 5 ते 7 दिवसांचं प्रशिक्षण, रोज 500 रुपये, हत्यारांना 15,000.

गुण्या_पटाशी
घाला, चांगलीच योजना आहे. पण ती स्वतःचा धंदा करणाऱ्या कारागिरासाठी. त्या प्रमाणपत्रानं आयटीआय होत नाही. कंत्राटदार पुन्हा तेच विचारणार.

शाहूपुरीची_ताई
माझ्या स्वयंपाकघराची कपाटं दाखलेवाल्यानं केली. पहिल्याच पावसाळ्यात दारं फुगली. लाकूड वाळलंय का, हे त्यानं बघितलंच नव्हतं. त्याची परीक्षा कुणी घेतली होती?

कळंबेकर
ताई, माझा मुद्दा हाच आहे. गुण्या, बोटांचं वाचून वाईट वाटलं, तुझं तेवढं मान्य. मशीनची परीक्षा कडक ठेवा, ड्रॉइंगही विचारा. पण लेखी पेपर नको. समोर लाकूड टाका, खिडकीचं ड्रॉइंग द्या, दिवसभर उभं राहून बघा. नापास झाले तर दाजी आठवी करून आयटीआयचं वर्ष काढतील. पास झाले तर मात्र त्या कागदाला दुय्यम म्हणायचं नाही.

गुण्या_पटाशी
दिवसभर उभं राहून बघणारा परीक्षक स्वतः सुतार असेल तर मी विरोध मागं घेतो. हजेरीपट भरून घरी जाणारा असेल तर नाही.