शब्दचर्चा : फाशी, मृत्युदंड की देहदंड?

शिक्षिका, म्हापसा : विद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेसाठी विषय काढलाय, 'फाशीची शिक्षा न्याय्य आहे का?' एक सर म्हणतात, 'फाशी' फार रांगडं वाटतं, 'देहदंड' लिहा. दुसऱ्यांना 'मृत्युदंड' हवा. तिन्ही एकच ना?

वकील, पणजी : नाहीत, बाई. मृत्युदंड ही शिक्षा, फाशी ही ती अमलात आणायची रीत. खुनासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. गळ्याला फास लावायचा, हे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात येतं, आणि लष्करी कायद्यात तर गोळी घालूनही ही शिक्षा देता येते. विषयात 'फाशी' ठेवलीत तर एखादं चलाख पोर 'फास नको, इंजेक्शन द्या' म्हणून प्रतिकूल बाजू मारून नेईल.

निवृत्त मुद्रितशोधक, फोंडा : 'देहदंड' मला जुनाट वाटतो. शिवाय नुसत्या शब्दावर गेलं तर फटके आणि हात तोडणंही त्यात बसेल. त्याच्या शेजारचा 'देहान्त प्रायश्चित्त' मात्र वेगळाच. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तेच सांगितलं, अशी कथा आपण ऐकत आलो. तिथे जल्लाद नाही. पाप करणाऱ्याने आपणहून देह ठेवायचा. शिक्षा आणि प्रायश्चित्त यांची गल्लत पोरांना करू देऊ नका.

माझी खरी तक्रार 'फाशी झाली' या प्रयोगाबद्दल आहे. सत्र न्यायालयाचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी ठळक मथळा : 'आरोपीला फाशी'. चहाच्या गाड्यावर लगेच 'बरं झालं, संपला एकदाचा!' संपला कुठे? उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती शिक्षा अमलात येतच नाही. मग सर्वोच्च न्यायालय, मग दयेचा अर्ज. शिक्षा सुनावली, कायम झाली, दिली, या तीन गोष्टी आपण 'झाली' या एकाच क्रियापदात कोंबतो आणि मग 'एवढी वर्षं का लागतात' म्हणून बोटं मोडतो. मी मथळ्यात 'सुनावली' घालायचो, उपसंपादक जागा नाही म्हणून काढायचे.

वकील, पणजी : अगदी. मृत्युदंड फक्त 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणात द्यावा, याचंही तेच. 1980 च्या बचनसिंग निकालातला हा निकष लोक फक्त गुन्ह्याच्या क्रौर्याला लावतात. न्यायालयाने गुन्हेगाराची परिस्थितीही बघायला सांगितलीय, आणि जन्मठेपेचा पर्याय पूर्ण बंद झाल्याशिवाय मृत्युदंड देऊ नये असं म्हटलंय.

वाचक, डिचोली : क्रियापदांचं निघालंच आहे म्हणून. भगतसिंग फासावर 'चढले', चापेकर बंधू फासावर 'गेले'. खुन्याला मात्र 'लटकवा'. दोर तोच. न्याय काय झाला ते आपण क्रियापदातच सांगून टाकतो, वाद नंतर घालतो! 'लटकवा'ची आज्ञा कोणाला, तेही कोणी सांगत नाही.

आणि गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांबद्दल बोलताना 'फासावर गेले' का येत नाही, यावर कधी विचार केलाय का?

निवृत्त मुद्रितशोधक, फोंडा : कारण पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीचा मृत्युदंड 1867 मध्ये रद्द केला, 1870 मध्ये वसाहतींतही. त्याआधी मात्र होता : पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या पिंटोंच्या कटातल्या 15 जणांना 1788 मध्ये पणजीत ठार मारलं. पुढच्या काळात शिक्षा म्हणजे तुरुंग नाहीतर हद्दपारी. स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना 1946 मध्ये आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेलं. 1961 च्या मुक्तीनंतर तेव्हाची भारतीय दंड संहिता लागू झाली आणि गोव्याच्या कायद्यात मृत्युदंड परत आला.

वाचक, डिचोली : म्हणून पोर्तुगीज दयाळू, असं मात्र कोणी लिहू नये. स्वातंत्र्यसैनिक बाळा राया मापारी 1955 मध्ये पोलिसांच्या छळाने गेले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. कागदावर मृत्युदंड नव्हता, माणसं मरतच होती.

वकील, पणजी : हा मुद्दा दोन्ही बाजूंना वापरता येईल. मी मृत्युदंडाच्या विरोधातला. चुकीची जन्मठेप निदान थांबवता येते.

शिक्षिका, म्हापसा : सर्वांचे आभार. विषय बदलला : 'भारतीय कायद्यात मृत्युदंड असावा की नसावा?' आता अडचण वेगळीच. नऊ नावं आली, नऊही 'असावा'च्या बाजूने. चिठ्ठ्या टाकून चार जणांना पलीकडे पाठवतेय. वकीलबाब, त्यांना शनिवारी तासभर द्याल का?

वकील, पणजी : देतो. दोन्ही बाजूंना बोलवा.