झगा काढलात तर डूम उरणार नाही

मार्व्हल कॉमिक्समधला खलनायक डॉक्टर डूम, त्याच्या चिलखतावर हिरवा झगा नको, आयर्न मॅनसारखा स्लीक सूट द्या असं एकाने सुचवलंय, मला अजिबात नाही पटलं. 1962 मध्ये चित्रकार जॅक कर्बीने डूम रेखाटला तेव्हापासूनचा तो झगा आणि हुड आहे, आणि हा माणूस सायंटिस्ट आहे, मांत्रिक आहे, वर लॅटव्हेरिया या काल्पनिक देशाचा राजा, हे सगळं एका नजरेत कळतं ते त्यामुळेच, तो काढला की उरतो नुसता रोबो. 2005 च्या 'फॅन्टॅस्टिक फोर' सिनेमात तर त्याचं अंगच धातूचं करून टाकलं, म्हणजे हट्टाने चिलखत बनवून घेणारा माणूस ही गंमतच गेली ना राव!

बदलायचंच तर सांधे बदला. कोपर, गुडघे, मान इथे एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या द्या, हात वर केला तरी खरं वाटेल. मास्कचे रिवेट मात्र ठेवा आणि चेहरा हलू देऊ नका प्लीज, मख्ख पत्रा आणि आत फक्त डोळे, भीती त्याचीच वाटते. कडांना थोडी काजळी चालेल, कारण कॉमिक्समध्ये मास्क पूर्ण थंड व्हायच्या आधीच त्याने तोंडावर चढवला होता, ते कुठेतरी दिसायला हवं. क्रोम पॉलिश तर नकोच.