सुलतान खान – कापाब्लांका, हेस्टिंग्ज १९३०-३१ : पाचव्या चालीचं ए३ मुलीला शिकवू का?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी रविवारी पोरांना बुद्धिबळ शिकवते. जवळपास प्रशिक्षक नाही आणि दर आठवड्याला बेळगावला नेणं पालकांना परवडत नाही, म्हणून इथे विचारतेय.

सातवीतली एक मुलगी पांढऱ्याकडून नेहमी डी४ (वजिरापुढचं प्यादं दोन घरं) खेळते. समोरून क्वीन्स इंडियन (काळ्याची बी६ खेळून उंट बाजूला काढायची सुरुवात) आलं आणि काळ्याचा उंट बी४वर बसला, की तिचा सी३चा घोडा जखडतो आणि ती गांगरते. म्हणून तिला भारतीय खेळाडू सुलतान खान यांनी माजी जगज्जेता कापाब्लांकाविरुद्ध इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज स्पर्धेत पांढऱ्याकडून खेळलेला हा डाव दाखवला: १. घोडा एफ३ – घोडा एफ६ २. डी४ – बी६ ३. सी४ – उंट बी७ ४. घोडा सी३ – ई६ ५. ए३. बी४वर येणाऱ्या उंटाची वाटच बंद! पुढे ही पद्धत जगज्जेता पेट्रोशियनच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

आमच्याकडे देवळाच्या कट्ट्यावर म्हातारी माणसं अजून देशी नियमांनी खेळतात. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल) नाही, राजाला एकदाच अडीच घरांची उडी. सुलतान खान असल्याच खेळात वाढले, युरोपीय नियम नंतर शिकले, आणि तरी १९२९, १९३२, १९३३ असे तीनदा ब्रिटिश विजेते झाले. या डावातही त्यांनी किल्लेकोट केलाच नाही. २१व्या चालीला कापाब्लांकाचा हत्ती सी१वर शह देत घुसतो, राजा शांतपणे डी२वर येतो, लगेच दुसरा हत्ती सी२वर शह देतो. पांढरी बाजू आपला वजीर देते, पण दोन्ही हत्ती खाते. ६५ चालींत पांढऱ्याची जीत. पोरं हा तुकडा पुन्हा पुन्हा मांडायला लावतात.

आता अडचण. या डावात काळ्याने उंट आधीच बी७वर नेला होता. हल्ली मुलं १. डी४ – घोडा एफ६ २. सी४ – ई६ ३. घोडा एफ३ – बी६ या क्रमाने खेळतात आणि ४. ए३ला थेट उंट ए६ खेळून सी४चं प्यादं धरतात. तिथे वजीर सी२ खेळून पुढे ई४ करायचं, एवढं मला ठाऊक आहे. पण बारा वर्षांच्या मुलीला हे पेलेल का, की सरळ ४. जी३ शिकवावं? मला मनापासून ए३च शिकवायचंय, कारण त्यामागचा हेतू तिला स्वतःच्या शब्दांत सांगता येतो.

दुसरं, २१व्या चालीला काळ्याने सी८चा हत्ती सी७वर नेला असता, तर काळा टिकला असता का? कोणी बसून तपासलं असेल तर कृपया चाली हत्ती-उंट अशा शब्दांत लिहा, म्हणजे पोरांना तशाच वाचून दाखवता येतील.